काचेचं भांडं आणि निळा टब

प्लास्टिकचे टब घराघरांत नुकतेच येऊ लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. प्रमिलाकाकूंच्या बैठकीत काचेचं एक गोल भांडं होतं आणि त्यात केशर नावाची सोनेरी मासोळी राहायची. येणारे-जाणारे तिचं कौतुक करत, तेव्हा भांड्याला वाटे, हे सगळं कौतुक आपलंच.

केशर मोठी झाली, तशी काकूंनी बाजारातून स्वस्तातला निळा टब आणून तिला त्यात सोडलं. रिकामं भांडं टबाकडे बघून दिवसभर जळफळायचं.

"ना रूप, ना चकाकी! तुझ्यात ती धड दिसते तरी का?"

"नाही दिसत खरी," टब म्हणायचा.

एकदा पाहुणे यायचे म्हणून काकूंनी केशरला पुन्हा भांड्यात ठेवलं. भांड्याला आकाश ठेंगणं झालं. पाहुणे जाताच त्याने विचारलं, "खरं सांग, माझ्यातच बरं वाटतं ना?"

त्याचं मन मोडवेना, म्हणून केशर "हो" म्हणाली. पण लगेच ती वर येऊन हवा गिळू लागली. वळायला गेली, तर शेपटी काचेवर आपटली.

भांड्याने ते पाहिलं. मग त्याने टबाला विचारलं, "तू तिला असं काय देतोस रे?"

"मी काय देणार? माझ्यात पाणी जास्त मावतं, एवढंच."

तेवढ्यात काकू धावत आल्या. "अगं बाई, गुदमरलीस की!" म्हणत त्यांनी तिला टबात न्यायला वाटी पाण्यात बुडवली. केशर मात्र भांड्याकडे बघत घुटमळली.

भांड्याला टबाचा हेवा अजूनही वाटतच होता. तरी ते हळूच म्हणालं, "जा केशर, उशीर करू नकोस."