माघारी निघालेला हत्ती

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा वरच्या गावात कोणता रंग भिजलाय, हे खालच्या गावांना नदीच्या पाण्यावरून कळायचं. पाणी तांबूस आलं की घाटावरच्या बायका म्हणायच्या, "वरती लग्नं निघाली वाटतं!"

त्या वरच्या गावात लाकडी ठशांनी लुगडी छापत असत. गावच्या लुगड्याची खूण एकच. काठावर हत्तींची रांग, आणि सगळे हत्ती शहाण्यासारखे पदराकडे चाललेले.

गावात केरोबा नावाचा ठसे कोरणारा होता. त्याच्याकडे सगुणा नावाची एका रंगाऱ्याची लेक शिकायला येऊ लागली. तिथली रीत अशी, की शिकणाऱ्यानं पहिला ठसा हत्तीचाच कोरायचा. तो कसाही उतरो, खऱ्या लुगड्याच्या काठावर एकदा तरी उमटवायचाच.

सगुणानं हत्ती कोरायला घेतला. त्याआधी देवळाच्या उत्सवाला गावात खराखुरा हत्ती आला होता. तो नदीवर पाणी प्यायला उतरला, तेव्हा ही पोर घरी जायचं विसरून त्याच्याकडे बघत बसली होती. म्हणून तिच्या हत्तीची सोंड पाणी पिताना वळते तशी वाकडी झाली आणि कान जरा जास्तच मोठे. पण हत्ती होता, यात शंका नाही.

केरोबानं तो ठसा रंगाच्या गादीवर टेकवला, काठावर ठेवला आणि वरून मुठीनं ठोकला. ठसा उचलला, आणि सगुणाचं तोंड एवढंसं झालं. लाकडावर जे डावं, ते कापडावर उजवं उमटतं, हेच ती विसरली होती. बाकीचे हत्ती पदराकडे चालले होते आणि तिचा एकटा तोंड फिरवून माघारी निघाला होता.

"काका, लुगडं नासलं!" ती रडायलाच लागली.

"नासलंय कुठं?" केरोबा म्हणाला. "घरी कायतरी विसरला असंल. जाऊ दे त्याला, घेऊन येईल." आणि त्यानं शांतपणे पुढचा हत्ती उमटवला.

दिवस गेले. सगुणाचा हात असा बसला की तिनं कोरलेल्या वेलीवर फुलपाखरू येऊन बसेल असं वाटावं. तिचं नाव राजाच्या कानावर गेलं आणि राजधानीच्या कारखान्यातून तिला बोलावणं आलं. निघताना केरोबानं आपली पटाशी, म्हणजे कोरायचं धारदार हत्यार, तिच्या हातात दिली. ज्यानं हत्यार दिलं त्याच्याकडेच ते एक दिवस परत द्यायचं, हीही त्या गावची रीत.

राजाच्या कारखान्यात एक नमुनाघर होतं. देशोदेशीची कापडं तिथं टांगलेली. समुद्रापलीकडची फुलं, वाळवंटातल्या राजांच्या उंटांवरच्या झुली, कधी न पाहिलेल्या पक्ष्यांचे पिसारे. सगुणा आत गेली आणि हरखून गेली. हरखावंच, त्यात चूक काही नाही. चांगलं बघितल्याशिवाय चांगलं सुचत नाही.

पण इथंच, मुलांनो आणि मुलांच्या आईबापांनो, आपल्या सगुणाचं पाऊल घसरलं. कुणी नवी नक्षी सांगितली की ती आधी नमुनाघराचं दार उघडू लागली. इथली वेल घ्यायची, तिथलं फूल घ्यायचं, जोड दिसणार नाही असं बसवायचं. लोक वाहवा करत. होता होता असं झालं, की ते दार उघडल्याशिवाय तिची पटाशी हलेनाशी झाली.

अशात राजकन्येचं लग्न ठरलं. सासर डोंगरांपलीकडचं. तिकडची खिंड बर्फानं बुजायची आणि वर्षातून एकदा, उन्हाळ्यात तेवढी मोकळी व्हायची. राणीनं सगुणाला बोलावलं.

"पाठवणीचं लुगडं हवंय," राणी म्हणाली. "लेकीनं ते नेसलं की तिला आम्ही आठवलो पाहिजे."

सगुणानं नमुनाघर पालथं घातलं आणि एक लुगडं छापून नेलं. राणी म्हणाली, "सुरेख आहे. पण हे आमच्या एका पाहुणीच्या अंगावर मी पाहिलंय." दुसरं नेलं. राणी म्हणाली, "हेही कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतं गं." तिसऱ्यावर तिनं नुसता हात फिरवला आणि ते बाजूला ठेवलं. ते सगुणाला फार लागलं.

त्यानंतर ती कोऱ्या लाकडासमोर बसून राही. मनात येईल ती रेघ कुणाची ना कुणाची निघे. ही त्या झुलीवरची, ही त्या पिसाऱ्यातली. आपल्यापाशी आपलं असं काही उरलंच नाही, कदाचित कधी नव्हतंच, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं काम सोडायचं ठरवलं. पटाशी परत द्यायची आणि पुन्हा म्हणून लाकडाला हात लावायचा नाही.

ती गावी निघाली.

वेशीपाशी येताच उकळत्या रंगाचा वास आला. घाटावर कापड आपटल्याचा आवाज आला. तोच आवाज ऐकत ती लहानपणी झोपायची आणि तोच ऐकत जागी व्हायची. पाणी तसंच तांबूस होतं. नदीत पाय सोडून ती जरा वेळ बसली आणि तिला फार एकटं वाटलं. सगळं जागच्या जागी होतं, तीच तेवढी हरवली होती.

केरोबा ओट्यावर बसला होता. म्हातारा झाला होता, नजर अधू झाली होती, पण पावलांवरून त्यानं ओळखलं. "सगुणा का गं?"

तिनं पटाशी त्याच्यापुढं ठेवली. "काका, ही तुमची तुम्हाला. मला आता कोरता येत नाही."

त्यानं अंगठ्यानं धार चाचपली. "धार तर झकास राखलीयस." मग म्हणाला, "ते बघू मागनं. आधी हात धू. आत लुगडं अर्धं पडलंय. सून बाजारला गेलीय. रंग वाळून जाईल, तेवढा काठ पुरा कर."

आता म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? सगुणा आत गेली. गादीवर ठसा टेकवला, काठावर ठेवला, मुठीनं ठोकला. एक हत्ती, त्यापुढं आणखी एक. हाताला जुना ताल सापडला. पदर जवळ आला, तेवढ्यात दारातून एक बाई डोकावली.

"केरोबा, माझ्या लेकीच्या लग्नाचं हाय हो ते! माघारीचा उमटवायचा राहून जाईल बघा एखाद्या वेळी."

"माघारीचा?" सगुणानं विचारलं.

"त्या कोनाड्यात बघ," केरोबा म्हणाला.

कोनाड्यात फडक्यात गुंडाळलेला एक लहान ठसा होता. सगुणानं फडकं सोडलं. रंग पिऊन पिऊन लाकूड काळं पडलं होतं, एका कानाची कड झिजली होती. पण सोंड वाकडीच होती.

"काका! हा अजून ठेवलात?"

"ठेवलाय कुठं? त्याला बसायला फुरसत तरी मिळते का!" केरोबा हसला. "तू राजधानीला गेलीस, त्यानंतर ते तुझं पहिलं लुगडं नेसून इथली एक पोर लांब सासरी गेली. सासूनं काठ बघितला न् विचारलं, हा एक हत्ती उलटा का गं? पोर आधीच घरच्या आठवणीनं झुरत होती. पटकन बोलून गेली, तो माझ्या माहेरी चाललाय. सासू हसली. तीही कुणाची तरी लेकच की! दुसऱ्याच दिवशी तिनं गाडी जुंपायला लावली न् पोरीला माहेरी धाडलं. तवापासून या गावची एक लेक त्या हत्तीबिगर सासरी गेली नाही."

"माझ्यापेक्षा सुबक कुणी कोरला नाही?"

"कोरला की. ढिगानं कोरले. बायका म्हणतात, तो नको. तोच द्या, वाकड्या सोंडेचा."

सगुणानं तो ठसा रंगात टेकवला आणि काठाच्या शेवटी आपल्या हातानं उमटवला. मग तिला रडू आवरेना. देशोदेशीचे नमुने तिनं पाहिले होते. पण हा हत्ती कोरताना तिनं कुठलाच नमुना पाहिला नव्हता. नदीवर पाणी पिणारं एक जनावर डोळे भरून पाहिलं होतं, एवढंच. आपलं असं काहीतरी होतं, आणि ती नसतानाही गावानं ते जपलं होतं.

"काका, हा मला न्यायला द्याल?"

"ने. पण परत आण हां. पुढल्या महिन्यात पाटलाच्या नातीचं लगीन आहे." त्यानं पटाशी उचलून तिच्या पिशवीत टाकली. "आणि ही मी परत घेतलेली नाही."

राजधानीत सगुणानं या खेपेला नमुनाघराचं दार उघडलं नाही. तिनं घाटाच्या पायऱ्या कोरल्या, वाळत घातलेली कापडं कोरली, तांबूस पाण्याच्या लाटा कोरल्या. काठावर नव्यानं कोरलेल्या ठशानं हत्ती उमटवले, अगदी राजाच्या घरी शोभतील असे. आणि त्या रांगेत शेवटी, पदराजवळ, तो जुना हत्ती.

राणीचा हात काठावरून फिरत फिरत पदराशी आला आणि थांबला. "सगळे पुढं चाललेत. हा एकटाच का फिरला?"

"राणीसाहेब," सगुणा म्हणाली, "तो माहेरी चाललाय."

राणीही लांबून सासरी आलेली होती, आणि तिचं माहेर कुणी तिला विचारल्यालाही किती वर्षं झाली होती. तिनं पदर डोळ्यांना लावला. "हे मी कधीच पाहिलं नव्हतं," ती म्हणाली, "आणि तरी हे माझंच आहे गं."

राजकन्या ते लुगडं नेसून सासरी गेली. पुढच्या उन्हाळ्यात खिंड मोकळी झाली, तेव्हा पलीकडून सगळ्यात आधी राजकन्येची पालखी आली. तिनं तेच लुगडं नेसलं होतं.

सगुणानं ठसा तर केव्हाच, पाटलाच्या नातीच्या लग्नाआधी, गावी पोचवला होता. त्यानंतर ती दरवर्षी गावी जाऊ लागली. कारखान्यात नमुनाघराच्या दाराशी तिनं एक फळी ठोकून घेतली. नव्यानं कामाला आलेल्यांचे पहिले ठसे त्यावर मांडले जात, वाकडे, उलटे, जसे असतील तसे. कुणी हिरमुसून म्हणालं, की बाई, काही सुचत नाही, तर ती त्याचाच पहिला ठसा त्याच्या हातात देई आणि सांगे, "आत जा, पोटभर बघून ये. पण जाताना हा बरोबर ने."

तात्पर्य: जगातलं चांगलं ते जरूर पाहावं, पण आपली कला हरवली तर ती आपल्याच पहिल्या वेड्यावाकड्या कामात शोधावी.