सुपाएवढा हात
संस्थानचे चित्रकार दाजीबा रांगणेकर सौंदर्याचे मोठे जाणकार मानले जात, आणि ते स्वतःही तसेच मानत. एकदा राजेसाहेब चित्रे पाहायला त्यांच्या घरी आले, तेव्हा दाजीबांची धाकटी लेक चंपू आपले चित्र घेऊन पुढे आली. तिने आई काढली होती, पण आईचा एक हात चांगला सुपाएवढा!

दाजीबा ओशाळून हसले. "महाराज, पोरीला प्रमाण कळत नाही. अगं, एवढा मोठा हात कुणाचा असतो का?"

चंपू म्हणाली, "आईचा आहे. मला ताप आला, तेव्हा तिने कपाळावर ठेवला होता ना, तो एवढाच होता. बाबा, तुम्ही केवढा काढला असता?"

राजेसाहेब दाजीबांकडे पाहू लागले. दाजीबांची मान खाली गेली. दरबारातल्या साऱ्या राण्या त्यांनी रंगवल्या होत्या. बायकोचा हात कसा दिसतो, तेच त्यांना आठवेना.