येसाक्काचे पाय

फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. आमच्या गावात वर्षं कुणी लक्षात ठेवत नाही, आणि शहाणपण तर त्याहून नाही. त्या काळी इथं उंबरझऱ्यात येसाक्का नावाची बाई होती. दारोदार फिरून ती जात्यांना टाकी लावायची, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं पुन्हा खरबरीत करून द्यायची. ती फार चिडकी होती, असं म्हणतात. मी म्हणते, गावच तसं असल्यावर बाई काय करणार?

गावाला कुस्तीचं वेड. पण जत्रेत पैलवान हरला की दोष मल्लखांबाचा! लाकडात दम नव्हता म्हणायचं आणि नव्या खांबासाठी आणखी एक झाड पाडायचं. पैलवानाचं पोट सुटलंय, हे कुणाच्या डोळ्यांना दिसेल तर शपथ. असं करत साग संपले, शिसव संपले, डोंगर बोडका झाला आणि विहिरी आटल्या. झऱ्याच्या उगमावर एकच जांभूळ उरलं. सगळं गाव त्याच झऱ्याचं पाणी प्यायचं. आणि त्या वर्षीही पैलवान हरला.

दौलू वस्ताद तालमीतले गडी आणि कुऱ्हाडी घेऊन उगमावर गेला. पाहतो तर झाडाखाली येसाक्का उताणी पडलेली. पाय जोडलेले, गुडघे सरळ, टाचा जमिनीपासून वीतभर वर.

"आक्का, उठा की. बरं न्हाई व्हय?"

"मला काय धाड भरलीया? लाकडाला पोट असतंय व्हय रं दौलू? ताकद हितं असती, बेंबीच्या मागं. झोप माझ्या शेजारी. तुझ्या आधी माझं पाय खाली आलं, तर खुशाल घाल कुऱ्हाड."

वस्ताद हसत हसत आडवा झाला. तंबाखू मळून व्हायच्या आत त्याचे पाय लटलटले आणि धप्पकन खाली आले. मग एकेक गडी झोपला आणि एकेक गडी पडला. सूर्य डोंगराआड गेला तरी येसाक्काचे पाय होते तिथंच होते. खंड्या पक्षी तिच्या अंगठ्यावर बसून झऱ्यातले मासे हेरत होता, असं म्हणतात. कुऱ्हाडी मुकाट घरी गेल्या.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण ऐका आमच्या लोकांची अक्कल! त्यांनी ठरवलं की येसाक्का ज्या मातीवर झोपली, त्या मातीतच ताकद आहे. झालं! जो तो टोपली घेऊन आला आणि बुंध्याखालची माती उकरून तालमीतल्या कुस्तीच्या हौद्यात नेऊन ओतू लागला. मुळं उघडी पडली, जांभूळ झऱ्यावर कलंडू लागलं, पाणी गढूळ झालं.

येसाक्कानं येऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मग ती त्या खड्ड्यात उताणी झाली, दोन्ही तळपाय बुंध्याला लावले, आणि ते एवढं मोठं झाड तिनं नुसत्या पोटाच्या जोरावर तोलून धरलं.

"माती आणा माघारी!" ती ओरडली. "मुडद्यांनो, घरात जमीन न्हाई व्हय तुमास्नी? आपापल्या घरी पाठ टेका, पाय उचला! त्येला ना खांब लागतोय, ना झाड, ना ही माती!"

लोक टोपल्या घेऊन धावले. प्रत्येक टोपलीला एक शिवी पडत होती. मुळं झाकत गेली तसं झाड हळूहळू सरळ झालं. शेवटची टोपली पडली आणि तिचं रागावणं थांबलं. वस्तादानं दोनदा हाक मारली. ती बोलली नाही, तेव्हा कुठं गावाला कळलं.

असा संताप येतो मला! बाईचं जिवंतपणी ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं?

पण एवढं मात्र खरं, की उंबरझऱ्यात त्यानंतर मल्लखांबासाठी झाड पडलं नाही. अजूनही इथं घरोघर सकाळी चहाच्या आधी सगळे जमिनीवर पाठ टेकतात, पाय जोडून वीतभर उचलतात, आणि घरातलं सगळ्यांत धाकटं माणूस कमरेवर हात ठेवून त्यांना रागावतं, "गुडघं सरळ! लबाडी नगं!" त्याशिवाय व्यायाम झाला असं धरत नाहीत. आणि ज्या घरात रागावणारं कुणी उरलेलं नाही, तिथल्या म्हाताऱ्या दार उघडं टाकून, पाय तसेच वर धरून थांबतात, रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी ओरडावं म्हणून.