अकरा चुलींची अकरा घरं

राजाच्या बागेत गुलाबांना ऊन लागू नये म्हणून रेशमी छपरं होती. त्या गुलाबांना पाणी घालणारी माणसं मात्र कुंपणाबाहेर झावळ्यांच्या खोपटांत राहत. वारा सुटला की खोपटं उडून जात आणि माणसं त्यांच्या मागे धावत. नगरात घरं होती की! पण ती एवढाली मोठी, की गरिबाला नुसतं दारात उभं राहायची भीती वाटे. लहानसं घर बांधावं हे तिथे कुणाला सुचलंच नव्हतं. मोठ्या माणसांना लहान गोष्टी कुठून सुचणार!

आठ वर्षांची गोजरा आईबरोबर एका खोपटात राहायची. आणि त्याच वस्तीत होती चंद्राआक्का. आया कामावर गेल्या की सगळी तान्ही बाळं आक्काच्या झोळ्यांमध्ये. एक झोळी ती हाताने हलवी, दुसरी पायाने. गोजराही त्याच झोळीत वाढली होती. आक्काने स्वतःची चूल कधी मांडली नाही. रोज एकेका घरून तिचं ताट येई, आणि ज्यांचं बाळ किरकिरं असेल त्यांच्याकडेच ती निजे.

एके सकाळी मोगऱ्याच्या वाफ्यात गोजराला काहीतरी लुकलुकताना दिसलं. पाखरांसाठी लावलेल्या जाळ्यात एक बोटभर परी अडकली होती! निळेजांभळे पंख, त्यांवर दवाचे टपोरे थेंब. गोजराने एकेक गाठ हळूहळू सोडवली. जाळ्याच्या दोऱ्याने तिची बोटं कापली गेली, पण पंखाचा एक धागाही तुटला नाही.

“माग गं, हवं ते माग,” परी म्हणाली. “पण एकदाच हं. आणि तोंडातून निघालेला आकडा मला बदलता येत नाही.”

“महाल मागितला तर?”

“एक महाल मिळेल.”

गोजराने मान हलवली. “नको. आम्हा सगळ्यांना घरं दे. इवलीइवली चालतील, पण वाऱ्याने उडायची नाहीत अशी.”

“किती?”

त्या वस्तीत कुटुंबं मोजायची ती चुलींवरून. गोजरा कुंपणावर चढली. तिने चुली मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या.

“अकरा!”

आणि अळंबी उगवावीत तशी मातीतून घरं उगवली! एक लिंबासारखं पिवळं, एक डाळिंबी, एक मोरपिशी. एवढंसं दार, एवढीशी खिडकी, एक फळी, एक ओटा आणि छपरावर जाईचा वेल. मधे सगळ्यांचं मिळून एक अंगण. माणसं हसत होती, रडत होती, भिंतींना हात लावून बघत होती.

संध्याकाळी आई म्हणाली, “गोजे, आज आक्काचं ताट आपल्याकडं आहे. जा, देऊन ये.”

ताट घेऊन गोजरा अंगणात आली आणि थबकली. कुठे द्यायचं? पिवळ्या घरात विचारलं, तर ते म्हणाले, डाळिंबी घरात असेल. डाळिंबी घरातल्यांना वाटत होतं, ती मोरपिशी घरात असेल. आक्का कुठेच नव्हती. तिची गोधडीही नव्हती.

गोजरा नदीकडे पळत सुटली. नावाडी म्हणाला, “आक्का? मघाशीच पलीकडं सोडलं तिला.”

“रागावली होती?”

“छे गं! घरं लई झ्याक झाली म्हणत होती.”

गोजराला रडू कोसळलं. आक्का रागावली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

ती बागेत धावली. “परी, आणखी एकच घर दे गं!”

परीचाही चेहरा उतरला. “नवं नाही देता येत. पण मिळालेल्यातलं कुणी आपणहून दिलं, तर मी ते जोडू शकते.”

गोजराने अकरा दारं वाजवली. प्रत्येकाने मान खाली घालून आपल्या घरातली हातभर जागा दिली. धोंडूमामाने नुकताच कोपऱ्यात पाळणा बांधला होता. तो थोडा कुरकुरला, मग त्याने दोन हात जागा दिली. परीने ती सगळी जागा आपल्या ओंजळीत घेतली.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या तीरावर आक्का सापडली. वीटभट्टीजवळच्या कडुलिंबाखाली पाच झोळ्या बांधून ती बसली होती.

“आक्का, चल! तुझं घर तयार आहे.”

“हळू बोल, आत्ता निजलीत,” आक्का कुजबुजली. “ह्यांच्या आया दिवसभर विटा वाहतात गं. मी उठले तर ह्यांना कोण बघणार?”

“मी तुला मोजलंच नाही, आक्का. मी चुली मोजल्या.”

आक्काने तिचे डोळे पुसले. “अगं, मोजायला तुला मीच शिकवलं. थोडी चूक माझीपण.”

गोजराच्या खांद्यावर बसून आलेली परी म्हणाली, “गोजरा, घर कुठे ठेवू? एकदा ठेवलं की हलणार नाही.”

गोजराला आक्का घरी हवी होती. खूप हवी होती. तिने झोळ्यांकडे पाहिलं आणि ती अगदी लहान आवाजात म्हणाली, “इथेच.”

“तू आज बरोबर मोजलंस,” परी म्हणाली. तिचे पंख झळाळले. सोनेरी, केशरी, मग नुसता पांढरा उजेड झाला. परी नव्हती. कडुलिंबाखाली आंब्याच्या रंगाचं एक चिमुकलं घर उभं होतं, त्याच्या आढ्याला झोळ्या टांगायला पाच कड्या होत्या. आक्का ओट्यावर बसली आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाली, “ये, माझ्या घरात ये.”

दुपारी गोजरा नावेतून एकटीच परतली. पलीकडे पाचही बाळं शांत निजली होती. अलीकडे अकरा नव्याकोऱ्या घरांत सगळी बाळं रडत होती, आणि त्यांना कसं निजवायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.