टिटवीची हाक

फार पूर्वी एका तळ्याकाठी टिटवी राहायची. तळ्यात मगर शिरलेली पहिल्यांदा तिलाच दिसली. तिने ते तिथल्या राजाला, गव्याला सांगितलं. पण तो फुरफुरला, "मगरीचं नाव काढशील तर तुझी अंडी तुडवीन. माझ्या राज्याची बदनामी नको!"

टिटवी अंड्यांवर बसून तळ्याकडे बघत राहिली. दुपारी तहानलेली हरिणी आली.

"टिटवीताई, पाण्यात जाऊ ना?"

टिटवीला राहवेना. ती जिवाच्या आकांताने ओरडली, "मागे फिर! मगर आहे!"

हरिणी उडी मारून वाचली. गवा धावत आला. टिटवीने पंख पसरून डोळे मिटले. खूर जवळ येऊन थांबले. तिने पाहिलं, तर हरिणी वाट अडवून उभी होती. मागून ससे, साळिंदरंही येत होती.

"आधी आम्हाला तुडवा, महाराज," हरिणी म्हणाली.

गव्याने त्या सगळ्यांकडे पाहिलं आणि तो मान खाली घालून मागे फिरला. टिटवीने अंडी पुन्हा पोटाखाली घेतली.