ढगोबाची ताठ मान

माणसाचं पहिलं गाव वसायच्याही कितीतरी आधी, एका रुंद नदीच्या काठी लांब मानेच्या डायनासोरांचा एक कळप राहत होता. धूड टेकडीएवढं, पाऊल परातीएवढं, आणि खाणं मात्र निव्वळ झाडपाला. कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत.

कळपाचा म्होरक्या होता ढगोबा. त्याची मान सगळ्यांत लांब. पावसाळ्यात त्याचं डोकं ढगांत शिरे, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. ढगोबाने कळपाला एक नियम घालून दिला होता: मान कधीही खाली घालायची नाही. पाला खायचा तो झाडाच्या शेंड्याचाच. पिल्लांच्या उघड्या तोंडात मोठ्यांनी तो वरूनच टाकायचा. पाणीसुद्धा वाकून प्यायचं नाही. गळ्याएवढ्या पाण्यात शिरायचं आणि उभ्या मानेनं प्यायचं.

“पायाशी उगवतं ते खाणं आपल्याला शोभत नाही,” असं ढगोबा म्हणे, आणि सगळे माना डोलवत.

सगळे म्हणजे शेवरी सोडून. शेवरी नुकतीच वयात आलेली, अंगानं सडसडीत आणि जिभेनं तिखट.

“का शोभत नाही, आजोबा?” तिने एकदा विचारलंच.

“पूर्वापार चालत आलंय.”

“मावशी तर म्हणते, तिच्या लहानपणी सगळे खाली वाकून नेचे खायचे. मऊ लागायचे म्हणे.”

“तुझ्या मावशीची मानेपेक्षा जीभ लांब आहे,” असं म्हणून ढगोबा पुढे चालू लागला. प्रश्न तिथेच राहिला.

मग पावसाने पाठ फिरवली. एक पावसाळा कोरडा गेला, पाठोपाठ दुसराही गेला. झाडांचे शेंडे करपले. नदी आटत आटत मधल्या धारेपुरती उरली; ढगोबा सोडून बाकीच्यांच्या गळ्याला पुरेल एवढं पाणी आता एका डोहातच होतं. पण काठच्या सावलीत, ओलसर मातीत, नेचे अजून हिरवेगार होते. कळप त्यांच्यामधून रोज चालत जाई. पायाखाली ते तुडवले जात, पण तोंड कुणीच लावत नसे.

शेवरीच्या मावशीचं पिल्लू होतं, ठिपकी. मावशी तिला शेंड्याची वाळकी पानं भरवी आणि ठिपकी ती थुंकून टाकी. एके दिवशी तर ती उठलीच नाही. डोळे मिटून मावशीच्या पायाशी नुसती पडून राहिली.

“मावशी, अगं, तिच्या नाकासमोर हिरवंगार खाणं आहे!” शेवरी कळवळून म्हणाली.

“ढगोबांना विचारायला हवं.”

“मग विचार ना.”

“मोठ्यांना कसं विचारायचं गं?”

“तोंडाने!” शेवरी फणकारली, आणि स्वतःच निघाली. काय काय सुनावायचं ते तिने वाटेतच ठरवून टाकलं.

भर दुपारची वेळ. बाकीचा कळप सावलीला पडला होता. ढगोबा एकटाच नदीत उभा होता. पाणी त्याच्या गुडघ्यालाही लागत नव्हतं. शेवरी हाक मारणार, तेवढ्यात ढगोबाने हळूच मान खाली न्यायला सुरुवात केली. मान थोडी झुकली आणि थांबली. थरथरली. त्याने पुन्हा जोर लावला, तसा त्याच्या घशातून कण्हल्यासारखा आवाज आला. वाळकी जीभ बाहेर लोंबत होती, आणि पाणी खाली, फार खाली वाहत होतं.

ठरवलेलं सगळं सोडून शेवरी पाण्यात उतरली.

“कधीपासून पाणी प्यायला नाहीत?” तिने विचारलं.

ढगोबा दचकला. त्याने झटकन मान ताठ केली. “पाणी? छे! इथे पायांना गार वाटतं, म्हणून जरा...”

“आजोबा.”

ढगोबा फार हळू आवाजात म्हणाला, “मान आखडलीय गं. तू अंड्यात होतीस तेव्हापासून. खाली जातच नाही. नदी भरलेली होती तोवर निभावलं. आता पहाटेचं दव चाटतो.”

“मग सांगायचं ना!”

“म्होरक्याला वाकता येत नाही, हे सांगू? तरणी पोरं हसली असती.”

“म्हणून आमच्या सगळ्यांच्या माना बांधून ठेवल्यात?” शेवरीचा आवाज चढला. “मला वाकता येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. कुणीच वाकू नका, असं का म्हणालात? तिकडे ठिपकी भुकेने डोळे मिटून पडलीय.”

“ठिपकी? ती तर परवा बागडत होती.”

“परवा नाही, आजोबा. त्याला फार दिवस झाले.”

ढगोबाचे डोळे भरून आले. “मला इथून पायाशी काही दिसतच नाही गं पोरी.”

शेवरीचा राग काही गेला नव्हता. पण रागाने कुणाची तहान भागत नाही. ती वाकली, तोंड भरून पाणी घेतलं, मान उंच केली आणि ढगोबाच्या तोंडात ओतलं. निम्मं तिच्याच तोंडावर सांडलं. ती पुन्हा वाकली. पुन्हा. घास भरवताना पिल्लू डोळे मिटतं, तसे ढगोबाने डोळे मिटून घेतले.

मग तो अडखळत कळपापुढे येऊन उभा राहिला. “ऐका रे,” तो म्हणाला, “माझी मान आखडलीय. मला वाकता येत नाही. तुम्हाला येतं. वाका. खा.”

कुणी हसलं नाही. मावशीने तर त्याचं बोलणं पुरं व्हायचीही वाट पाहिली नाही. तिने नेच्याचा कोवळा तुरा खुडला आणि ठिपकीच्या ओठांना लावला. ठिपकीने वास घेतला. मग एक डोळा उघडला, आणि जबडा हलू लागला. एकामागून एक सगळ्या लांब माना खाली आल्या.

थोड्या वेळाने तीच तरणी पोरं तोंडात नेचे धरून ढगोबापुढे येऊन उभी राहिली. आधी मी, आधी मी, म्हणून धक्काबुक्की सुरू झाली.

“अरे, दमानं!” ढगोबा भरल्या तोंडाने म्हणाला. मग जरा थांबून, इकडेतिकडे बघून पुढे म्हणाला, “आणि जरा कोवळे आणा. माझे दातही हलतात हल्ली.”

“हेही आधी सांगायचं होतं,” शेवरी म्हणाली, आणि मान खाली घालून कोवळे कोंब निवडू लागली.

तात्पर्य: आपल्याला जे जमत नाही, ते कुणीच करू नये असा नियम घालू नये. जमत नाही असं मोकळेपणी सांगावं. आपली माणसं हसत नाहीत, घास घेऊन येतात.