चार दगडांमधली मोजणी

माणसांनी कोळसा काढून नेला आणि खाणीतल्या मातीचा बोडका डोंगर मागे ठेवला, तेव्हाची ही गोष्ट. त्यावर पुन्हा रान उगवतंय का, हे पाहायचं काम प्राण्यांनी म्हाताऱ्या अस्वलाला दिलं, कारण त्याला झाडांची सगळी नावं पाठ होती. दर हिवाळ्यात, बोरं पिकली की, त्याने माथ्यावर जाऊन खुणेसाठी मांडलेल्या चार दगडांमधली रोपं मोजायची.

तीन वर्षं उत्तर शून्य आलं. चौथ्या वर्षी गवा म्हणाला, "आजोबा, यंदाही शून्य असेल तर आम्ही हा मुलूख सोडणार."

अस्वलाने चार वेळा मोजलं. शून्यच. आपलंच काही चुकतंय असं वाटून ते तिथेच बसलं.

"मागे बघा की," बुलबुल म्हणाली. "तुमच्या वाटेवर पायथ्यापासून बोरी उगवल्यात."

मोजणीच्या काळजीत अस्वलाने वाटेकडे कधी पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं आणि ते ओशाळलं. "त्या दगडांच्या बाहेर आहेत. शिवाय बोरं मीच खातो, आणि या वयात चढताना मध्येमध्ये पोट हलकं करायला बसावं लागतं. हे मोजणीत कसं धरायचं?"

"नका धरू. पण रान कशाने उगवतं ते कळलं ना?"

अस्वल खाली आलं. "शून्य," त्याने गव्याला सांगितलं. "अजून काही वर्षं थांबा."

"थांबून काय होणार?"

"खात्री देता येत नाही. पण यापुढे मी रोज मोजायला जाईन, दर वेळी वेगळ्या वाटेने. फक्त निघण्याआधी मला पोटभर बोरं लागतील."